कद्दिश आणि तेबा: शोकातल्यांनो, या चुका टाळा

आई किंवा वडील गेले की मुलाने सिनेगॉगमधल्या तेब्यावर (प्रार्थना चालवायच्या चौथऱ्यावर) उभं राहून तेफिल्ला, म्हणजे सामूहिक प्रार्थना, चालवावी, ही आपल्या ज्यूंमधली जुनी रीत. नुसता कद्दिश (शोकातल्याने म्हणायची देवस्तुती) म्हणण्यापेक्षा तिचं मोल मोठं. पण म्हणून शिवा (शोकाचे सात दिवस) उठला की दुसऱ्याच सकाळी शहरीथ (सकाळची प्रार्थना) चालवायला मागायची?

एका सोमवारी एक तरुण मोबाइलवरचा सिद्दूर (प्रार्थनापुस्तक) घेऊन उभा राहिला. मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारा किमान दहांचा जमाव, मोजून दहाचं. सिद्दूर निघाला अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) पाठाचा; आपल्या सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या) वळणाच्या कद्दिशातलं ‘वेयत्समह पुरकाने’ हे वाक्य त्यात नाही. लोक तिथे आमेन म्हणायला थांबले आणि हा पुढे पळाला. ‘येहे शेमे रब्बा’ला तर लोकल सुटत असल्यासारखी घाई! अहो, कद्दिशाचं सगळं बळ समाजाच्या त्या उत्तरात आहे, तेच तुडवून कसं चालेल? मग मोठ्याने परत म्हणायच्या अमिदात (उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेत) तो इतका अडखळला की ऑफिसवाले दोघं निघून गेले. सुरू झालेली अमिदा उरलेल्यांत पुरी करता आली, कारण दहांतले बहुतेक जण हजर होते. सोमवारचं तोरावाचन (मोशेच्या पाच ग्रंथांचं वाचन) नव्याने सुरू करायला मात्र दहाच लागतात. सेफेर तोरा (तोराची गुंडाळी) हेखालातच, म्हणजे कपाटातच, राहिला.

माझ्याकडे कोणी आला तर मी आधी अर्वीथ (रात्रीची प्रार्थना) चालवायला देतो. तिच्यात अमिदा परत मोठ्याने म्हणायची नसते. ती निभली की मिन्हा (दुपारची प्रार्थना), शहरीथ सगळ्यात शेवटी. राग येतो काहींना, येऊ दे. आणि ‘येहे शेमे रब्बा’ समाजाबरोबर स्वतः म्हणा, आवाज थांबला की मगच पुढे जा.

दोघे शोकात असतील तर तेब्यापाशी हुज्जत नको. एकाने शहरीथच्या शेवटाकडच्या अश्रे या स्तोत्रापर्यंत चालवावं, दुसऱ्याने तिथून शेवटपर्यंत.

पैसे देऊन दुसऱ्याकडून कद्दिश म्हणवून घ्यायचा आणि आपण घरी झोपायचं, हे मला पटत नाही.

शोकातल्याने शब्बाथला (विश्रांतीच्या दिवशी) तेब्यावर जाऊ नये, हा अश्केनाझी रिवाज. सेफार्दी वळणात तसा सरसकट नियम नाही. आपल्या हजानाला (प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारा, यूट्यूबला नको.

राहिला हिशेब. दुष्टांचा मेल्यावरचा न्याय बारा महिने चालतो असं मिश्ना (ज्यू धर्मनियमांचा जुना ग्रंथ) सांगते. पूर्ण बारा महिने कद्दिश म्हटला तर आपल्याच आईबापांना त्यांच्यात बसवल्यासारखं होतं, म्हणून बहुतेक ठिकाणी अकरा महिने धरतात. तेही हिब्रू महिने. दिवस सूर्यास्ताला बदलतो, तेव्हा मृत्यूची वेळ लिहून ठेवा. सप्टेंबर 2026 मध्ये सुरू होणारं 5787 हे हिब्रू वर्ष तेरा महिन्यांचं आहे. त्यात मृत्यूचा वर्षदिन येईपर्यंत कद्दिश चालू ठेवलात तर हिशेब चुकला.