बारा गुण दिसले म्हणून ओपन करू नका

"वहिनी, तुम्ही गुण मोजलेत, पानं बघितलीच नाहीत." माझे धाकटे दीर हे ब्रिज या पत्त्यांच्या खेळातले माझे भिडू. त्यांनी हे ज्या डावावरून म्हटलं, तो मला अजून पानापानाने आठवतो. इस्पिकची राणी आणि दोन बारकी पानं, बदामचे राजा-गुलाम आणि एक, चौकटचे राणी-गुलाम आणि दोन, किल्वरचा राजा आणि दोन. एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १, या हिशेबाने बरोबर १२ गुण. पहिली बोली माझी होती. एक चौकट म्हटलं. भावजींकडे १३ गुण, त्यामुळे ते सरळ तीन नो ट्रंपवर (हुकूम न ठेवता नऊ हात करण्याची बोली) गेले. आम्ही व्हल्नरेबल (म्हणजे हरलं तर दंड जास्त) होतो, दोन हात कमी पडले, २०० गेले. चूक त्यांची नव्हती. माझ्या बोलीवर विश्वास ठेवून ते बोलले होते.

तेव्हापासून ओपन करण्याआधी, म्हणजे डावातली पहिली बोली लावण्याआधी, मी काय काय बघते, ते सांगते. (आम्ही इस्पिक-बदाम पाच पानांवर उघडतो आणि एक नो ट्रंप १५ ते १७ गुणांवर.)

एका डावात एकूण गुण ४०, म्हणजे माणशी सरासरी १०. तुमच्याकडे १३-१४ असतील तर अडून राहू नका, ओपन करा. खरा प्रश्न १० ते १२ गुणांचा. तिथे मार्टी बर्गन या अमेरिकन खेळाडूने लोकप्रिय केलेला वीसचा नियम वापरा: गुणांमध्ये सगळ्यात लांब दोन रंगांच्या पानांची संख्या मिळवायची, बेरीज २० झाली तर ओपन. माझ्या त्या पानांत १२ अधिक ४ अधिक ३, म्हणजे १९. पास!

आता ही पानं बघा: इस्पिक एक्का-राजा-दश्शी-अठ्ठी-तिर्री, बदाम एक्का-नव्वी-सत्ती-चव्वी, चौकटची तीन बारकी, किल्वरची एकच पंजी. गुण ११च. पण ११ अधिक ५ अधिक ४, झाले २०. एक इस्पिक म्हणा, आणि बिनधास्त म्हणा.

नुसत्या बेरजेवर मात्र मी थांबत नाही. हमखास मिळणारे हात मोजते. एकाच रंगात एक्का-राजा असतील तर दोन, एक्का-राणी दीड, एकटा एक्का किंवा राजा-राणी एक, बारक्या पानांसोबतचा राजा अर्धा. असे दोन हात नसतील तर काठावरच्या पानांवर मी पास म्हणते. वरच्या ११ गुणांत तीन आहेत, माझ्या त्या १२ गुणांत जेमतेम एक. चित्रं लांब रंगात असावीत, हेही बघा. सोबत एकही पान नसलेल्या राणीचे दोन गुण मी धरतच नाही. ती बहुतेक वेळा एक्क्या-राजाखाली जाते.

नवीन लोक हमखास विसरतात ते पुढचं: ओपन करण्याआधी आपली दुसरी बोली ठरवून ठेवा. समजा ११ गुण, किल्वरची पाच आणि चौकटची चार पानं आहेत. वीसचा नियम म्हणतो, उघडा. तुम्ही एक किल्वर म्हणता, भिडू एक इस्पिक म्हणतो. आता? दोन चौकट म्हणालात तर तो तुमच्याकडे १७च्या आसपास गुण धरणार. मग पाचच पानांवर दोन किल्वर म्हणावं लागतं. किल्वर भक्कम नसेल, तर मी सुरुवातीलाच पास म्हणते.

बसायची जागाही महत्त्वाची. पहिल्या दोघांनी पास म्हटलं आणि तुम्ही तिसरे असाल, तर थोडं सैल व्हा. बदाम एक्का-राजा-गुलाम-दश्शी आणि एक पान, बाकी फारसं काही नाही, तरी मी एक बदाम म्हणते. भिडूने आधीच पास म्हटलंय, तेव्हा तो काहीही बोलला तरी मी पास करू शकते. शिवाय डाव समोरच्यांकडे गेला तर भिडू बदामच उतरणार. म्हणूनच गुलामापासून सुरू होणाऱ्या रंगावर ही बोली करू नका. त्याला चुकीच्या पानाने खेळायला लावाल.

चौथ्या जागेवर तिघांचे पास आले की गुणांत फक्त इस्पिकची पानं मिळवा. १५ झाले तर बोला, नाहीतर पास म्हणून डाव शून्यावर सोडा. इस्पिक सगळ्यात वरचा रंग. तो ज्यांच्याकडे आहे ते त्याच पायरीवर तुमच्या बदामच्या वर जातात. १२ गुण आणि इस्पिकचं एकच पान असलं की मी आता शांतपणे पास म्हणते. आणि ११ गुणांसोबत इस्पिकची चार असली, की ओपन करते. भावजी तेव्हा मान डोलावतात.