जोडलेले इंजिन उचलताना आणि नेताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग (सिलिंडर आतून कापून नीट करणे) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून मापात आणणे) करून घेतलेले इंजिन तिथेच जोडून कागल किंवा गडहिंग्लजच्या गॅरेजला नेणारे पुष्कळ जण ते उचलायचे कसे याचा नीट विचार करतात, पण टेकवायचे कशावर हे मात्र इंजिन साखळीला लोंबकळू लागल्यावर ठरवतात. हा क्रम उलटा हवा.

अनेक इंजिनांच्या तळाचे ऑइल चेंबर पातळ पत्र्याचे असते. शंभर-दीडशे किलोंचा भार त्यावर आला, की पत्रा आत दबतो, ऑइल ओढणाऱ्या जाळीचे तोंड बुजते आणि नवी बेअरिंगे ऑइलवाचून जळतात. हजारोंचे काम असे वाया गेलेले मी पाहिले आहे. म्हणून भार ब्लॉकच्या कडांवर किंवा माउंटिंगच्या (इंजिन गाडीला बसते त्या) जागांवर येईल आणि चेंबर अधांतरी राहील अशी भक्कम लाकडी चौकट आधीच बनवून घ्यावी.

उचलण्यासाठी कंपनीने दिलेल्या कड्याच वापराव्यात. त्या नसतील, तर ब्लॉक किंवा हेडच्या भक्कम भोकांत 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट लावावेत. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट आटे बसले पाहिजेत. मॅनिफोल्डला (हवा आणि धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांना) साखळी कधीही अडकवू नये. उचलण्याचे दोन पट्टे उभे असतील, तर 150 किलोंच्या इंजिनाचे प्रत्येकावर 75 किलो येतात. तेच पट्टे पसरून जमिनीशी 30 अंशांचा कोन करू लागले, तर प्रत्येकावर पुरे 150 किलोंचा ताण येतो. क्रेनचा हातही जितका लांब काढावा तितकी तिची क्षमता घटते, त्यामुळे त्या लांबीला लिहिलेला आकडा वाचूनच भार द्यावा. इंजिन चार बोटे उचलून थांबावे, तोल पाहावा, आणि खाली कोणाचाही हात-पाय जाऊ देऊ नये.

नेण्यापूर्वी ऑइल व पाणी काढावे आणि उघडी तोंडे टोपणांनी बंद करावीत. चिंधी कोंबू नये, ती आत राहून जाते. पावसाळ्यात ताडपत्री हवीच. छोट्या हत्तीत चौकट पुढच्या फळीला टेकवून ठोकळ्यांनी अडवावी, इंजिन उभेच ठेवावे आणि चार रॅचेट पट्टे (खटक्याने आवळायचे पट्टे) चार कोपऱ्यांकडे ओढावेत, मात्र ते पुली, सेन्सर किंवा टायमिंग कव्हरवरून जाऊ नयेत. दोन-चार किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा आवळावेत, कारण लाकूड बसले की ते सैल पडतात.

उतरवताना आधी क्रेनचा हूक लावून साखळीला ताण द्यावा आणि मगच रॅचेट सोडावे.