लोकसंगीताचं रेकॉर्डिंग करायचंय? सुरुवात करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मला बरेच जण विचारतात की लोकसंगीत जतन करायचं काम करायचंय, कोणता माइक घेऊ? माइकचं राहू द्या, आधी जात्याचं सांगते.

पहिल्यांदा ओव्या रेकॉर्ड करायला गेले तेव्हा आजींना छान खुर्चीवर बसवलं, समोर रेकॉर्डर ठेवला आणि म्हटलं म्हणा. दोन ओव्या झाल्या आणि आजी अडल्या, पुढचं आठवेचना. सूनबाई म्हणाल्या, अहो त्यांना जात्यापाशी बसवा. कोपऱ्यात पडलेलं जातं पुसलं, खुंटा ठोकून घट्ट केला, मूठभर ज्वारी घातली, आणि आजींचा हात फिरायला लागला तशी एकामागून एक ओवी येत गेली, पाऊण तास! घरघर रेकॉर्डिंगमध्ये आलीच, येऊ दे, लय तिच्यातच आहे. हेमा रायरकर आणि गी पॉइत्वां यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात अशा एक लाखाहून जास्त ओव्या जमल्यात, आता त्यातल्या बऱ्याच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या वेबसाइटवर ऐकता येतात. काम सुरू करायच्या आधी त्या नक्की ऐका.

परवानगी नुसती रेकॉर्डिंगची घेऊ नका, कुणाला ऐकवायचं तेही विचारा. ओवीत सासरचं दुखणं असतं, दिराजावेचं गाऱ्हाणं असतं. माझ्याकडून एकदा एक क्लिप भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि त्या बाईंना घरात फार ऐकून घ्यावं लागलं. आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक गाण्यामागे वेगळं विचारते.

टेक्निकल फार नाही. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये वेव्ह (WAV) फाइल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ निवडा, एमपीथ्री नको. ऑटो लेव्हल, म्हणजे रेकॉर्डरने आवाज आपोआप कमी-जास्त करणं, बंदच ठेवा, नाहीतर संबळावर जोरात काठी पडली की गोंधळ्याचा गळा एकदम मागे जातो आणि गाणं थांबलं की पंख्याचा आवाज वर येतो. सुरुवातीला तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव स्वतःच्या आवाजात बोला. आणि गाणं संपलं की लगेच बंद करू नका, खरी माहिती तिथून पुढे येते, हे कुणाकडून शिकलो, पूर्वी कधी म्हणायचे, मधलं कडवं का गाळलं वगैरे.

वाद्य असेल तर बनवणाऱ्यालाही भेटा. पालघरकडचा तारपा घ्या, वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा, सगळं मेणाने जोडलेलं. वाजवणारा श्वास न तोडता फुंकत राहतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात, म्हणून एका जागी माइक लावून भागत नाही, त्याच्याबरोबर चालावं लागतं.

आता माझं ठाम मत. नवीन लोक येतात ते फक्त "अस्सल" शोधत येतात, जागरण-गोंधळाच्या पार्टीत कीबोर्ड नि ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) दिसला की रेकॉर्डर बंद करतात. असं करू नका! लोकांनी आपलं गाणं कायम बदलतच नेलंय. वामनदादा कर्डकांनी (१९२२-२००४) आंबेडकरी विचार गाण्यातून गावोगाव नेला, भीमगीतांत तर कव्वालीचा ढंगही आला, मग ते काय आपलं संगीत नाही? आजचा ऑक्टोपॅडवाला संबळाचे बोल कसे बसवतो ते त्यालाच विचारा, हातचं न राखता सांगतो.

रीतसर शिकायचं असेल तर मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. पैशाचं मात्र आधीच सांगते, सुरुवातीला यावर घर चालत नाही, मी अनुवादाची कामं करत हे केलं.

फाइलच्या तीन कॉपी ठेवा, दोन आपल्याकडे वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक गाणाऱ्याच्या घरी. जात्यावरच्या त्या आजींना नातीने फोनवर त्यांच्याच ओव्या लावून दिल्या तर त्या मधेच म्हणाल्या, थांब गं, हितं चुकलंय, त्या पोरीला परत बोलाव. गेले, परत घेतलं. दोन्ही ठेवलेत.