मंडळाच्या विमानाला खरा रंग कसा द्यायचा

यंदा गणपतीला विमानाचा देखावा करणार असाल तर भावांनो, रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. आधी विमान कुठलं आणि कुठल्या साली उडालेलं ते ठरवा. आपल्या हवाई दलाचं नॅट हे छोटं लढाऊ विमानच बघा की, १९६५ च्या लढाईत बहुतेक चंदेरी आणि १९७१ ला परमवीर चक्रवाल्या निर्मलजीत सिंग सेखोंच्या वेळी कॅमोफ्लाज, म्हणजे लपायला मारलेले रंगाचे पट्टे.

समजा पुढे हवाई दलप्रमुख झालेल्या अर्जन सिंगांचं हरिकेन हे लढाऊ विमान करायचंय, १ नंबर स्क्वॉड्रन (हवाई दलाची तुकडी), इंफाळ, १९४४. आता उद्यमनगरातला पेंटर मोबाईलवर पहिला फोटो बघून ओळखीसाठी असायचा तो ब्रिटिशांचा लाल-पांढरा-निळा गोल मारून मोकळा होणार, आणि मंडळातलं कोणतरी म्हणणार आपलं विमान आहे तर तिरंगी गोल पाहिजे. दोन्ही चूक. तिरंगी गोल स्वातंत्र्यानंतरचा, आणि जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा, घाईत आपल्याच विमानावर गोळ्या सुटायला नकोत म्हणून बर्मा आघाडीवर लाल रंगच काढून टाकलेला. म्हणजे बाहेर गडद निळा, आत फिकट निळा, बास. शेपटीवरच्या पट्टीलाही हेच. पंखांवरचे रुंद पांढरे पट्टे १९४५ चे, कितीही भारी दिसले तरी मारू नका.

बाकी अंगाला वरून गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, पोटाला राखाडी. दुकानात 'मिलिटरी हिरवा द्या' म्हणालात की जीपचा रंग हातात येतो, त्यापेक्षा ब्रिटिश स्टँडर्ड ३८१सी या रंगांच्या ठरलेल्या यादीतले नंबर सांगा, हिरवा ६४१, तपकिरी ४५०, राखाडी ६३७. ब्लॅक अँड व्हाईट फोटोवरून शेड ओळखायला जाऊ नका, जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल-पिवळा काळपट येतो आणि निळा फिकट, तिथं भलेभले फसतात. मॉडेल अर्ध्या साईजचं असेल तर प्रत्येक रंगात जरासा पांढरा घाला, नाहीतर लांबून सगळं काळंच दिसतं.

कॅमोफ्लाजचे पट्टे मनाने ओढायचे नाहीत, त्याचं ठरलेलं ड्रॉइंग असायचं, ते मिळवा, खडूने बॉडीवर उतरवा आणि मग स्प्रे गन हातात घ्या.

गाड्या रंगवणारे सवयीने वरून ग्लॉस क्लिअर मारतात, त्यांना आधीच बजावून ठेवा, मॅटच पाहिजे. नंबर आणि अक्षरं स्टेन्सिल कापून स्प्रे करा. विनाईल स्टिकर चिकटवला की हॅलोजनखाली त्याची कड चमकते आणि मग एवढं रंगवलेलं लोकांना दिसतच नाही, स्टिकरच दिसतो.