नाशिकमध्ये एएची मीटिंग कशी शोधायची

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. आधी एक तातडीची गोष्ट. रोज पिणाऱ्याने केवळ मीटिंगच्या भरवशावर एकदम दारू तोडू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. भास, ताप, असंबद्ध बडबड हे बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी दिसतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो. पूर्वी कधी असं झालं असेल, तर आधी त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे जा. फिट किंवा भास सुरू झालेच, तर १०८. एए औषध देत नाही आणि कुणाला दाखल करून घेत नाही. तिथे दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकमेकांशी बोलतात, एवढंच.

आता शोध. मोबाइलवर नुसतं 'दारू सोडवणे नाशिक' टाकलं, तर वर येतात त्या बहुतेक जाहिराती: खासगी केंद्रं, आणि 'रुग्णाला न सांगता' जेवणात मिसळायच्या पुड्या. पुड्यांपासून लांब राहा. त्यात डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि माणूस वर दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून प्रकरण आयसीयूपर्यंत जातं. शोधताना 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' हे पूर्ण नाव टाका, एए इंडियाचं अधिकृत संकेतस्थळ उघडा आणि तिथली हेल्पलाइन व गावनिहाय यादी पाहा. कुणी पैसे, आधार कार्ड किंवा अ‍ॅडव्हान्स मागितला, तर ती एए नव्हे. एएला फी नाही. मीटिंगमध्ये पिशवी फिरते, त्यात इच्छा असेल तर टाकायचं, आणि नव्याने आलेल्याने काही टाकावं अशी अपेक्षाही नसते.

यादीतला पत्ता पाहून थेट निघू नका. बहुतेकांची पहिली फेरी इथेच फुकट जाते. ग्रुप शाळेच्या वर्गात, चर्चच्या हॉलमध्ये किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत भरतात. परीक्षा, सण किंवा जागेची अडचण आली की वार बदलतो, जागा बदलते, यादी मात्र जुनीच राहते. म्हणून त्याच दिवशी फोन करा. दुपारी उचलला नाही, तर संध्याकाळी पुन्हा लावा. फोन घेणारे एएचेच सदस्य असतात आणि बरेच जण नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. विचारायचं ते नेमकं: ग्रुप सध्या चालू आहे का, वार आणि वेळ काय, कोणत्या गेटने कितव्या मजल्यावर, मराठीत बोलतात की हिंदीत, आणि मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड. ओपनला घरचं माणूस सोबत चालतं. क्लोज्ड फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी असते. एकट्याने जायला पाय उचलत नसेल, तर 'कुणी बाहेर भेटेल का' असं सरळ विचारा. असं विचारण्यात कमीपणा नाही, तिथल्यांना ही मागणी नवीन नसते.

सातपूर किंवा अंबडच्या कंपनीत शिफ्ट असेल, तर एका ग्रुपवर विसंबू नका. वेगवेगळ्या वारांचे दोन-तीन पत्ते लिहून ठेवा. ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल, तर सिडकोतल्या माणसाने नाशिकरोडचा ग्रुप धरावा, पंचवटीतल्याने गंगापूर रोडकडचा. तसंही, खोलीतलं बोलणं खोलीतच ठेवणं हा एएचा पायाच आहे, आणि भेटणारा ओळखीचा तिथे त्याच कारणाने आलेला असतो. परतीची शेवटची सिटीलिंक बस आधी बघून ठेवा. नाहीतर बस चुकेल म्हणून मीटिंग अर्धवट सोडून उठावं लागतं. २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या आसपास पंचवटीकडचे रस्ते बंद होतील, तेव्हा वेळ नव्याने विचारून घ्या.

पंधरा मिनिटं आधी पोहोचा. वॉचमनला 'दारूवाल्यांची मीटिंग' न विचारता 'एएची मीटिंग' विचारा. बऱ्याचदा त्याला तेवढंच माहीत असतं. साधारण तास-दीड तास चालते. आडनाव सांगायची गरज नाही. बोलायचं नसेल तर 'आज फक्त ऐकतो' म्हटलं की पुरे. त्या दिवशी प्यायलेले असाल तरी जाता येतं, फक्त गडबड न करता मागे बसायचं. सदस्य होण्याची अट एकच आहे: दारू सोडायची इच्छा. प्रार्थना कानावर पडेल, पण एए कोणत्याही धर्माची नाही, चर्चमध्ये भरली तरी. निघताना दोन-तीन नंबर घ्या. हे काम लोक हमखास टाळतात, आणि मग रात्री अकराला तलफ आली की फोन करायला कुणी नसतं.

पहिला ग्रुप आवडलाच पाहिजे असं नाही. एखाद्या ठिकाणी सगळे वयस्कर असतात, एखाद्या ठिकाणी एकही बाई नसते. निकाल लावण्याआधी निदान पाच-सहा मीटिंगा करा, त्यात दोन वेगळे ग्रुप असू द्या. बायकांनी फोनवरच महिला सदस्याशी बोलायचं आहे असं सांगावं. निफाड, सिन्नर, इगतपुरीकडून रोज येणं जमत नसेल, तर ऑनलाइन मीटिंगची लिंक मागा. मात्र महिन्यातून काही वेळा तरी समोर बसा.

मीटिंग लागत नाही आणि मन सैरभैर झालंय, तर १४४१६ वर टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, व्यसनासाठीची हेल्पलाइन १४४४६.

घरच्यांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. तिच्या मीटिंगचीही अशीच आधी फोनवर खात्री करा. पिणारा अजून तयार नसला तरी बायको, आई किंवा मुलगा तिथे जाऊ शकतो, आणि त्यासाठी त्याची परवानगी लागत नाही.