विस्टेरियाला बहर का येत नाही?
विस्टेरियाची वेल बियांपासून वाढवली, तर पहिला बहर येण्यास १० ते १५ वर्षेही लागू शकतात. म्हणून रोपवाटिकेतून कलमी रोपच घ्यावे आणि जमल्यास ते फुलावर असतानाच निवडावे. तिला रोज निदान ६ तास ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. ही वेल शेंगावर्गीय असल्याने हवेतला नत्र मुळांवाटे स्वतःच मिळवते; त्यात नत्रयुक्त खताचा मारा केला की नुसता पाला माजतो. ब्रिटनमधील माळी जुलै-ऑगस्टमध्ये नवे लांबलचक फुटवे ५-६ पानांवर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तेच फुटवे पुन्हा २-३ डोळ्यांवर (कोंबांवर) छाटतात. फुले हवी असतील तर यात हयगय नको. विस्टेरियाच्या दोन जातींपैकी चिनी वेल घड्याळाच्या उलट, तर जपानी वेल घड्याळाच्या दिशेने विळखा घालते. मखमली लव असलेल्या शेंगा मात्र विषारी असतात.