सायकलवर प्रश्न आला तर ‘येस’वर थांबू नका

अहिराणीत ‘तुले सायकल येस का?’ (तुला सायकल येते का?) असं विचारलं आणि समोरचा ‘येस’ म्हणाला, की उत्तर पुरं झालं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या चाचणीतल्या बोलण्याच्या परीक्षेत ‘डू यू राइड अ बायसिकल?’ला तेवढ्याच ‘येस’वर भागत नाही. परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. तिचे तीन भाग; पहिला 4-5 मिनिटांचा, अशाच घरगुती प्रश्नांचा. ओघ, शब्दसाठा, व्याकरण आणि उच्चार या चार गोष्टींना सारखं वजन असतं. एका शब्दात परीक्षक मोजणार काय?

आधी प्रश्न नीट ऐका. आपल्याकडे बाइक म्हणजे मोटारसायकल. परीक्षक ‘बाइक’ म्हणाला तर तो बहुतेक वेळा सायकलबद्दलच विचारत असतो. धुळ्यात माझ्याकडे सरावाला येणारा एक जण यावर बुलेटच्या मायलेजपर्यंत पोचला होता. शंका आली तर ‘डू यू मीन अ बायसिकल?’ असं खुशाल विचारा, त्याचे गुण जात नाहीत.

मग पहिल्याच वाक्यात सरळ हो किंवा नाही. सायकल येत नसेल तर तेच सांगा; का शिकला नाहीत, हेही चांगलं उत्तर आहे.

खरी मेहनत पुढच्या दोन-तीन वाक्यांची. इथे बहुतेक जण ‘सायकलिंग इज गुड फॉर हेल्थ अँड एन्व्हायर्न्मेंट’ ठोकून देतात. उत्तर लांबतं खरं, पण ते कुणाचंही असू शकतं. अमळनेरकडची एक मुलगी आठवडाभर हेच म्हणत होती. शेवटी मी तिला मराठीत विचारलं, ‘शाळेत कशी जायचीस गं?’ त्यावर जे निघालं तेच आम्ही इंग्रजीत केलं:

‘नॉट एनी मोअर, बट आय युज्ड टू राइड टू स्कूल, थ्री किलोमीटर्स थ्रू द कॉटन फील्ड्स. इन समर द सीट गॉट सो हॉट दॅट आय कव्हर्ड इट विथ अ वेट हँकी.’

सीटवरच्या त्या ओल्या रुमालाने काम केलं. ‘युज्ड टू’ आणि ‘सो... दॅट’ ही रचना आपसूक आली, घोकावी लागली नाही. तुमच्याकडेही बाभळीचा काटा, कॅरिअरवरचं दुधाचं कॅन, पंक्चरवाल्याच्या घमेल्यातले बुडबुडे असं काहीतरी असेलच. एकच घ्या.

त्या गोष्टीला लागणारे शब्द आधीच तपासून ठेवा. सायकल ‘ड्राइव्ह’ करत नाहीत, ‘राइड’ करतात. चेन पडली म्हणजे ‘द चेन केम ऑफ’, ‘फेल डाउन’ नव्हे. भावाला डबलसीट नेलं तर ‘माय ब्रदर सॅट ऑन द बॅक’.

पाठ मात्र करू नका, पाठांतर लगेच कळतं. घरी कुणाला तरी उलटसुलट विचारायला सांगा: पहिली सायकल कोणती, गावात अजून कोण चालवतं, शहरात वेगळा रस्ता हवा का. शेवटचा प्रश्न तिसऱ्या, चर्चेच्या भागातला. तिथे पर्यावरण काढलंत तरी चालेल. पहिल्या भागात वीसेक सेकंद पुरे. परीक्षकाने मध्येच तोडलं तर घाबरू नका, त्याला पुढचा प्रश्न विचारायचा असतो.